कडेपासून सात पावले

आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अठरावा दगड खाली गेला.

मोठा आवाज झाला नाही. आधी त्याच्याखालची माती सुटली, मग त्याच्या गळ्याभोवतीचे सिमेंट तडकले, आणि तो समुद्राच्या बाजूला कलंडून दिसेनासा झाला. त्या वेळी पायवाटेवर कोणी नव्हते. हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण मी त्याच्यापासून पाच पावलांवर होतो आणि मला दुसरे काही काम नव्हते.

मित्रांनो, मी एक जुना पांढरा दगड आहे. समुद्रकाठच्या कड्यावर एक दीपगृह आहे. फाटकापासून त्या दीपगृहापर्यंत एक पायवाट जाते, आणि वाटेच्या समुद्राकडच्या बाजूला आम्ही चाळीस दगड ओळीने बसलो आहोत. आज सकाळपासून एकोणचाळीस. फाटकाकडून मोजले तर माझा नंबर सतरावा. माणसे एकमेकांना 'मख्ख दगड' म्हणतात तेव्हा मला राग येत नाही, नवल वाटते. दगडाइतके टक लावून बघायला सवड असते कोणाला? मी पाहिले तेवढेच सांगणार आहे. जे नुसते ऐकले, ते ऐकले म्हणूनच सांगेन.

दीपगृह आणि मी एकाच खाणीतले. मनोऱ्यासाठी दगड आणले गेले तेव्हा गाडीवरून उतरवताना माझा एक कोपरा उडाला. गवंड्याने मला एकदा उलटे करून पाहिले, एकदा सुलटे, आणि म्हणाला, "हा गेला कामातून." असे कामातून गेलेले आम्ही चाळीसच्या वर होतो. मनोरा उंच होत गेला आणि आम्ही त्याच्या मागे ढिगात पडून राहिलो. त्या ढिगात किती वर्षे गेली ते मला सांगता येत नाही. माझ्यावर दुसरे दगड होते. दिसत फक्त एक मुंगळ्यांची रांग होती. ती कुठे जाते हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

मग एक नवा रखवालदार आला. उंच, काटक, बोलण्यात काटकसर. एका दुपारी दाट धुके आले. धुक्यात जहाजांना सावध करायची घंटा फाटकाशेजारच्या खोपटात होती. रखवालदार ती वाजवायला निघाला आणि अर्ध्या वाटेवर त्याचा एक पाय जमिनीऐवजी हवेत पडला. कसा वाचला, ते त्याने कधी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी तो पहार घेऊन आमच्या ढिगापाशी आला.

त्याने आम्हाला एकेक करून वाटेवर आणले आणि पाच-पाच पावलांवर मांडले, म्हणजे धुक्यातही एका दगडापाशी उभे राहिले की पुढचा दिसेल. आम्हाला चुना लावला. आणि एक नियम केला. दगड कडेपासून सात पावलांवर. माणसाने दगडाच्या आतल्या बाजूने चालायचे.

तो पावले कशी मोजायचा ते सांगण्यासारखे आहे. कड्याच्या टोकाला जाऊन समुद्राकडे पाठ करून उभा राहायचा आणि मग आत चालू लागायचा. त्याची बायको दर वेळी ओरडायची.

"अहो, पाठीला डोळे आहेत का तुम्हाला?"

"आहेत ना. तू उभी आहेस की समोर."

"मी ओरडेपर्यंत तुम्ही खाली पोचाल!"

"मग ओरडून तरी काय उपयोग?" असे म्हणून तो पहिले पाऊल टाकायचा.

पण मित्रांनो, कडा एका जागी राहत नाही. वादळाच्या दिवसांत लाटा त्याचा पाय कुरतडतात आणि वरची माती ढासळते. कुठे एक बोट, कुठे एक हात. म्हणून दर वर्षी वादळे संपली की रखवालदार, त्याची बायको आणि त्यांची मुलगी पहार आणि चुन्याची बादली घेऊन बाहेर पडायची. सात पावले पुन्हा मोजायची, आणि ज्याचे अंतर कमी झाले असेल त्या दगडाला आत सरकवायचे. सरकवताना आम्हाला गडगडत न्यावे लागे, त्यामुळे दर वर्षी कूस बदलायची. मला ते आवडायचे. एका वर्षी तोंड समुद्राकडे, एका वर्षी मनोऱ्याकडे. एका वर्षी मी पूर्ण उताणा होतो आणि वर्षभर फक्त पक्ष्यांची पोटे पाहिली.

मुलीला मात्र हे काम मनापासून नकोसे होते. वयाच्या आठव्या वर्षापासून ती आम्हाला ढकलत होती.

"बाबा, माझ्या मैत्रिणींच्या घरचे सुट्टीत फिरायला जातात," ती एकदा म्हणाली. "आणि आपण? दगडांना फिरायला नेतो."

"तेही जिवंत राहतात, आपणही," रखवालदार म्हणाला. "पहार नीट धर."

"एकदाच दहा पावलं आत ठेवले तर? मग चार वर्षं बघायला नको."

"मग लोक वळसा कशाला घालतील? दगडाच्या बाहेरूनच चालतील. दगड कडेपासून लांब हवा, पण इतकाही नको की त्याच्यावरचा विश्वास उडेल."

मुलीने आईकडे पाहिले. आई म्हणाली, "बघतेस काय? त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. त्यापेक्षा हा दगड ढकल."

रखवालदाराची एक नोंदवही होती. दिवा कधी लागला, वारा कुठून होता, धुके किती वेळ होते, कोणते जहाज गेले, हे सगळे तो तिच्यात लिही. आम्हाला सरकवल्याची नोंद त्यात एकदाही झाली नाही. मी वही वाचलेली नाही, हे मला नंतर बोलण्यातून कळले. ते सरकारी काम नव्हते, घरचे होते. अंगण झाडल्याची नोंद कोण ठेवतो?

एकतीस वर्षे असे चालले. धुक्याच्या दिवशी टपाल घेऊन येणारा पोस्टमन आमच्या डोक्यावर एकेक टप्पल मारत यायचा आणि मोठ्याने मोजायचा. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, की लगेच दार. एकदा तो रखवालदाराला म्हणाला, "धुक्यात माणसाचा भरवसा नाही. तुमच्या दगडांचा आहे." आमचे कौतुक झाल्याचे मला आठवते ते एवढेच. पण ते ऐकून चाळिसाच्या चाळीस दगडांना बरे वाटले असणार.

मग दिवा आपोआप लागू लागला. रखवालदाराची गरज उरली नाही. मुलगी लग्न होऊन केव्हाच दूर गेली होती. एका सकाळी नवराबायको सामान घेऊन निघाली. जाताना रखवालदाराने प्रत्येक दगडापाशी थांबून कडेकडे नजर टाकली. माझ्यापाशी तो म्हणाला, "सात." मग अठराव्याकडे गेला.

पुढची नऊ वर्षे कोणी आले नाही. आमचा चुना वाळून पडला, भोवती गवत वाढले. वादळे मात्र ठरल्या वेळी येत राहिली. सातची सहा झाली, सहाची पाच.

नऊ वर्षांनी वारसा विभागाची माणसे आली. जुन्या इमारती जपणे हे या विभागाचे काम. दीपगृह लोकांना पाहायला खुले करायचे ठरले होते. त्यांचे साहेब सडपातळ होते. कानावर पेन्सिल आणि हातात मोजपट्टी. प्रत्येक गोष्ट दोनदा मोजायचे. त्यांना सगळे टेपसाहेब म्हणत, त्यांच्या मागे आणि पुढे पुढे तोंडावरही.

आणि पाहुण्यांना दीपगृह दाखवायला विभागाने जी बाई नेमली, ती रखवालदाराची मुलगी निघाली. केस पिकू लागले होते, पण चालण्याची ढब तीच. मुले तिला दिवेबाई म्हणू लागली, म्हणून मीही तेच म्हणतो.

आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली.

टेपसाहेबांनी तिला विचारले, "हे दगड जुने आहेत?"

"माझ्या बाबांनी मांडलेले आहेत."

"याच ओळीत?"

"याच ओळीत. पहिला तो पहिला, चाळिसावा तो चाळिसावा. बाबा क्रम चुकू द्यायचे नाहीत. दगडाच्या आतून चाललात तर धोका नाही, असं ते प्रत्येकाला सांगायचे."

साहेबांनी सगळे लिहून घेतले. दिवेबाईने खाली सही केली. तिच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता. आम्हाला दर वर्षी सरकवत असत, हे तिने सांगितले नाही, कारण कोणी विचारले नाही, आणि सांगण्यासारखे ते काही आहे असे तिला वाटलेच नाही. घराची माहिती विचारली तर आपण खोल्या सांगतो, केर काढतो हे सांगत नाही.

त्यानंतर तिचे बाबा आजारी पडले. ती तीन आठवडे त्यांच्याजवळ होती. परत आली तेव्हा ते नव्हते, आणि आम्ही चाळीसही गळ्यापर्यंत सिमेंटमध्ये होतो. आतल्या बाजूला आम्हाला लागून दगडी फरशीची नवी वाट झाली होती. प्रत्येकाशेजारी एक पत्र्याची पाटी: 'मूळ मार्गदर्शक दगड. हलवू नये.'

दिवेबाई माझ्याजवळ वाकली. सिमेंटवरून हात फिरवला. "सुटलात एकदाचे," ती म्हणाली. "मीही सुटले." तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण ती हसत होती. त्या दिवशी कडा पाच पावलांवर होता. पाच पावले पुष्कळ वाटतात.

त्यानंतरची वर्षे मला खरोखर आवडली, हे कबूल करतो. रोज नवी माणसे येऊ लागली. मी मनोऱ्यावर कधी गेलो नाही आणि जाणारही नाही, म्हणून परत येणाऱ्यांचे बोलणे मी कान देऊन ऐकायचो. पायऱ्या किती, यावर आजवर एकमत झालेले नाही. कोणी एकशे एकतीस म्हणतात, कोणी एकशे तेहेतीस. एकाच घरातले आजोबा आणि नात यावरून माझ्यासमोर अर्धा तास भांडली.

"आजोबा, तुम्ही मध्ये दोनदा बसलात. तिथेच तुमचं चुकलं."

"बसलो म्हणून काय पायरी पळून गेली?"

वर काचेचे एक भले मोठे भिंग आहे म्हणतात, माणसाएवढे उंच, आणि त्याच्या एका बाजूने पाहिले तर समोरचा माणूस उलटा दिसतो. हे मला अजून समजलेले नाही. तो माणूस उलटा झाल्यावर पडत कसा नाही? कोणी म्हणते वरून समुद्र गोल दिसतो, कोणी म्हणते सपाटच आहे, नुसते पायऱ्या चढून डोके गोल फिरते. मनोऱ्याच्या मागून आणखी दोन वाटा फुटतात. एक खाली खडकांकडे जाते, दुसरी झुडपांमधून पक्ष्यांच्या घरट्यांकडे. तिथे काय आहे ते परतणाऱ्यांच्या बुटांवरून ओळखता येते. खडकांकडून येणाऱ्यांच्या बुटांवर मीठ, घरट्यांकडून येणाऱ्यांच्या पायांना कुसळे. पण या दोन्ही वाटांवर जायचे तर आधी आमच्या शेजारून जावे लागते. दुसरा रस्ता नाही.

सगळ्यांच्या हातात विभागाचे पत्रक असायचे. त्यात ठळक अक्षरांत लिहिलेले होते: 'पांढऱ्या दगडांच्या आतल्या बाजूने चालल्यास धोका नाही.'

सिमेंट झाल्याच्या सहाव्या वर्षी, वादळे संपल्यावर, दिवेबाई माझ्याजवळ आली आणि कड्याकडे पाहत उभी राहिली. मग सावकाश टोकापर्यंत गेली, समुद्राकडे पाठ केली आणि आत चालू लागली. साडेतीन पावलांत तिचा पाय माझ्यावर आपटला. ती तिथेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की आपल्याकडून काय सांगायचे राहिले, हे तिला आत्ता कळले आहे.

तिने अर्ज केला. दगड आणि वाट आत सरकवावी, निदान चौदाव्यापासून बाविसाव्यापर्यंत, कारण तिथे कडा जास्त ढासळतो. टेपसाहेब स्वतः आले. तिच्याच सहीचा कागद त्यांनी तिच्यासमोर धरला.

"बाई, यात दगड हलवल्याचं कुठे आहे?"

"मी सांगितलं नव्हतं. दर वर्षी हलवायचो आम्ही. मी स्वतः ढकललेत."

"नोंदवहीत आहे?"

"नाही. ते घरचं काम होतं."

"मग मी वर काय सांगू? तेव्हा एक सांगितलं, आता दुसरं?" साहेब चिडलेले नव्हते. ते फरशीवर बसले आणि म्हणाले, "माझ्या आधीच्या ठिकाणी लोकांनी एक जुनी पायरी उचलली. वाकडी आहे, सरळ करतो म्हणाले. मी 'हो' म्हटलं. संध्याकाळपर्यंत तिच्यावरची कमान खाली बसली. दोनशे वर्षं उभी होती. तेव्हापासून मी कागद बघितल्याशिवाय खडाही हलवत नाही."

"आणि कोणी खाली गेलं तर?"

"तर वाट बंद करावी लागेल. वाट बंद म्हणजे दीपगृह बंद. तुम्हाला ते हवंय?"

दिवेबाईला ते नको होते. तिच्या बाबांचा मनोरा होता तो. ती गटांना घेऊन जाताना फरशी सोडून गवतातून नेऊ लागली. पण एकटे येणारे पत्रक वाचून आमच्याच कडेने चालत. तिने आणखी पाच अर्ज केले. पाचही वेळा उत्तर आले की पुरावा जोडावा. गेल्या महिन्यात माझ्यापाशी तिची पावले एकावर आली होती.

आता आजचे सांगतो.

नऊ वाजून बावीस मिनिटांनी दिवेबाई मनोरा उघडायला निघाली. चालताना आमच्याकडे पाहत मोजायची तिची सवय आहे. "पंधरा, सोळा, सतरा," ती म्हणाली, आणि थांबली. जिथे अठरावा होता तिथे फरशीचाही एक तुकडा गेला होता. ती मागे फिरली, खोपटातून दोर आणला आणि चौदाव्यापासून आडवा बांधून वाट बंद केली.

साडेनऊला एक शाळेचा वर्ग आला. बावीस मुले आणि एक शिक्षक. डोंगरापलीकडून पहाटेच निघाले होते.

"बंद?" शिक्षक म्हणाले. "अहो बाई, पाच तास गाडीत बसून आलोय. दोघांना वाटेत उलट्या झाल्या."

"माफ करा. पुढे जाता येणार नाही. आता गवताचाही भरवसा नाही."

शिक्षकांनी पत्रक उघडले. "यात तर स्पष्ट लिहिलंय की पांढऱ्या दगडांच्या आतून चाललं तर धोका नाही."

"ते वाक्य माझ्या बाबांचं आहे."

"मग?"

"बाबा गेले. कडा चालत राहिला."

शिक्षकांनी पत्रक मिटले. मुले मात्र थांबणारी नव्हती. दगड कुठे पडला, किती खोल, आवाज आला का, आता दुसरा पडेल का? दहाव्या दगडापाशी वाट वळते आणि तिथून कडा समोरून दिसतो. दिवेबाईने त्यांना तिथे गवतात मागे बसवले. एका चष्मेवाल्या मुलीकडे दुर्बीण होती. ती बराच वेळ पाहत राहिली. बाकीची मुले "मला दे, मला दे" करत होती आणि ती देत नव्हती.

"बाई," ती ओरडली. ती ओरडली म्हणूनच मला इतक्या लांबून ऐकू आले; पुढचे बोलणे दिवेबाईने नंतर साहेबांना सांगितले तेव्हा कळले. "तुमचा दगड मध्येच अडकलाय. उलटा पडलाय. खालून पण पांढरा आहे!"

"असेल," शिक्षक म्हणाले. "रंगवलाय तो."

"पण सर, तो भाग जमिनीत होता ना? जमिनीच्या आत जाऊन कोणी रंगवला?"

दिवेबाईने दुर्बीण घेतली, पाहिले, आणि ती गवतातच खाली बसली. मग तिने मुलांना सांगितले की तिचे बाबा दर वर्षी दगड आत नेताना कूस बदलायचे आणि मग चुना लावायचे, म्हणून दगडाची प्रत्येक बाजू कधी ना कधी वर आलेली आहे. एका जागी बसलेल्या दगडाचा तळ कधीच पांढरा होणार नाही.

"म्हणजे हा पुरावा आहे," चष्मेवाली म्हणाली.

"हो गं. आणि चौदा वर्षं मी त्याच्या डोक्यावर हात फिरवत होते."

टेपसाहेब बारा पस्तीसला पोचले. मुले गेली होती, पण चष्मेवालीने दुर्बीण ठेवली होती आणि आपला पत्ता दिला होता. साहेबांनी दोनदा पाहिले. "बसवतानाच एकदा सगळीकडून चुना लावला असेल तर?" त्यांनी विचारले.

"तर एकच थर असता. कांदा कापल्यावर पापुद्रे दिसतात ना, साहेब, तसं दिसेल. मोजा तुम्ही. मोजणं तर तुम्हाला आवडतं."

साहेबांनी फोनने छायाचित्र काढले. त्यात नुसता एक पांढरा ठिपका आला. दगड दोराने वर काढता येईल का, यावर दोघे बोलत होते. तेवढ्यात एक वाजून चाळीस मिनिटांनी तो ज्यावर अडकला होता तो कड्याचा तुकडाच सुटला. अठरावा समुद्रात गेला. या वेळी आवाज झाला.

त्यानंतर साहेबांनी मुख्य कार्यालयाला फोन केला. मला फक्त त्यांची बाजू ऐकू आली. "हो, मी स्वतः पाहिलं... नाही, आता नाही... होता... मी सांगतोय ना!... बरं. लेखी पाठवतो." तीन वाजून पंधरा मिनिटांनी त्यांनी अर्ज पाठवला. एका दगडाचे सिमेंट फोडून तळ तपासण्याची परवानगी मिळावी, असा. दगड क्रमांक सतरा.

"सतराच का?" दिवेबाईने विचारले.

साहेबांनी मोजपट्टी लावली. माझ्यापासून कडा एकतीस सेंटिमीटर. त्यांनी पुन्हा लावली. एकतीसच. मग त्यांनी आतल्या बाजूला, फरशीत, बोट दाखवले. तिथे एक भेग आहे. सकाळी ती नव्हती. मी आता भेगेच्या समुद्राकडच्या बाजूला आहे. "कारण तो तसाही जाणार आहे," साहेब म्हणाले.

माझ्या तळाला काय आहे, मला माहीत नाही. चौदा वर्षे सिमेंटमध्ये राहिल्यावर चुन्याचे थर टिकतात की गळून जातात, हेही माहीत नाही. मला ते जाणून घ्यायची फार इच्छा आहे. भीती म्हणाल तर तितकी नाही.

मित्रांनो, मला जपायला आलेली माणसे वाईट नव्हती. त्यांनी मला स्वच्छ केले, मान दिला, पाटी लावली. फक्त मी काय काम करतो, हे त्यांनी विचारले नाही. माझे काम जागेवर बसणे नव्हते, कडेपासून लांब राहणे होते. तुमच्या हाती एखादी जुनी गोष्ट आली तर ती कोणाची, कधीची, एवढेच विचारू नका. दर वर्षी तिचे काय करायचे, तेही विचारा. आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर कोणी विचारायची वाट पाहू नका. केर काढण्याइतके साधे वाटले तरी सांगून टाका.

पाच वाजता साहेब निघाले. गाडीपर्यंत गेले आणि परत आले. हातात छिन्नी आणि हातोडा होते. दोन्ही त्यांनी माझ्याशेजारी, भेगेच्या आतल्या बाजूला फरशीवर ठेवले.

"आदेशाशिवाय मला हात लावता येत नाही," ते म्हणाले. "तुम्हालाही येत नाही. लावला तर नोकरी जाईल. आणि उद्या हा दगड नसेल तर दाखवायला काही नसेल. उरलेल्यांना वर्षभर कोणी हात लावू देणार नाही."

"हे तुम्ही मला का सांगताय?"

"मी काही सांगितलेलं नाही."

"मीही काही ऐकलेलं नाही," दिवेबाई म्हणाली.

साहेब गेले. दोर त्यांनी सोडला नाही. उद्या साडेनऊला आणखी एक वर्ग येणार आहे, छत्तीस मुलांचा. त्यांना येऊ नका म्हणून कळवायला दिवेबाईने फोन केला, पण तो अजून लागलेला नाही.

आता पाच वाजून पन्नास मिनिटे झाली आहेत. अर्ज पोचल्याचे उत्तर आले आहे, निर्णयाचे नाही. दिवेबाई भेगेच्या आत फरशीवर बसली आहे. छिन्नी तिच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर आहे. ती अजून कोणी उचललेली नाही.